तीन रविवार, उपासनेच्या वेळी

कल्याण,
मंगळवार, २९ नोव्हेंबर १९८८

प्रिय रंभाआत्या,

प्रभूच्या नावाने सलाम.

आम्ही दोघं बरे आहोत. थंडी पडायला लागल्यापासून अण्णांचा दमा थोडा वर आलाय, पण काढा नियमित घेतात. म्हणजे मी समोर उभी राहिले तर घेतात. तुझे गुडघे कसे आहेत? नगरची थंडी इथल्यापेक्षा कडक, तेव्हा वसतिगृहाच्या मुलींना पहाटे अंगणात वाचायला बसवत असशील तर निदान स्वतः तरी शाल घेऊन बसत जा.

आपल्या चर्चच्या मंडळीत घटनादुरुस्ती आली आहे, हे तुझ्या कानावर आलं असेलच. मे महिन्यात ठाण्याला मंडळ्यांच्या संघाची महासभा झाली, तिथे ठराव झाला की मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या कलमातून 'पुरुष' हा शब्द काढावा. 'मंडळीचा कोणीही पुरुष सभासद पंच होऊ शकेल' याऐवजी 'मंडळीचा कोणीही सभासद'. बाकी काही नाही. पद्धत तुझ्या वेळचीच आहे. महासभेचा ठराव सगळ्या मंडळ्यांकडे येतो, प्रत्येक मंडळी रविवारी सभा भरवून सभासदांची मतं घेते आणि निकाल वर्षअखेरीच्या आत कळवते; होकाराला हजर सभासदांची दोन-तृतीयांश मतं लागतात. दोन-तृतीयांश मंडळ्या हो म्हणाल्या तर पुढच्या मे महिन्यात महासभा तो कायम करते. मतदानाआधी सूचना तीन लागोपाठच्या रविवारी, उपासनेच्या वेळी, पंचाने वाचायची. आणि सगळं घटनेप्रमाणे झालं अशी सही मंडळीच्या चिटणिसाने करायची. यंदा चिटणीस मी आहे. चिटणीस बाई चालते, पंच चालत नाही, हे मी तुला काय सांगावं.

पहिले दोन रविवार उत्तमकाकांनी सूचना वाचली. पंचांमध्ये तेच एकटे दुरुस्तीच्या उघड बाजूने आहेत. तिसऱ्या रविवारी कापणीचा सण होता. आपल्यात आता शेती कोणाची राहिलीय? तरी मोहने गावच्या बायकांनी लाल भोपळे आणले, कोपरहून नारळ आले, कोणी केक केले आणि मनुबाईंनी आपला तुर्रेबाज कोंबडा आणला. उपासना झाली, आशीर्वाद झाला, मग नेहमीप्रमाणे आवारात लिलाव. लिलाव उत्तमकाकाच करणार. कोंबडा काखेत धरून ते बोली चढवत होते आणि एकदम थांबले. "अरे देवा, सूचना राहिली!" तिथेच खिशातून कागद काढून त्यांनी ती माईकवर वाचली. अर्ध्यात कोंबडा असा आरवला की पाळकसाहेबांनाही हसू आवरेना.

परवा रविवारी मतदान होतं. ते झालं नाही. हरकत आली. पुन्हा तीन रविवार वाचायचं तर सभेला नाताळचाच रविवार उरतो, म्हणून ती त्या दिवशी ठरली आहे. बायकांना वाईट वाटलं, पण होईल सगळं नीट. मी अजून त्याच शाळेत आहे, पहिलीचा वर्ग घेते. सलाम कळावा.

आत्या, इथे मी पत्र संपवलं होतं. पाकिटात घातलं, जीभ लावली आणि मग फाडून पुन्हा बाहेर काढलं. आई गेल्यावर मी सारखी आजारी, शाळेत नाव घातलेलं नव्हतं, तेव्हा तू स्वयंपाकघरात मला शिकवायचीस. दिवसभरात काय काय झालं ते मी सांगितलं की कणीक मळता मळता विचारायचीस, "सांगितलंस ते खरं. पण सगळं सांगितलंस का?"

सगळं सांगितलं नाही. हरकत मी घेतली.

पाळकसाहेब म्हणाले, सूचना रीतसर वाचली गेली आहे, चिटणीस सही करतील. मी उभी राहिले. पुढचं बाक धरलं. म्हटलं, तिसरी सूचना उपासनेत वाचलेली नाही, आशीर्वादानंतर वाचली. मला सही करता येणार नाही.

उत्तमकाका आधी हसले. "अगं वासंती, सगळ्यांनी ऐकली की! उपासनेत निम्मे पेंगत असतात, लिलावाला सगळे जागे होते."

मनुबाई म्हणाल्या, "कोंबड्यासमोर वाचली म्हणून बाटली का? कोंबडा तर पवित्र शास्त्रातला पक्षी!"

मग मी बसले नाही हे पाहिल्यावर हसणं थांबलं. मागून एक जण म्हणाला, "देवरामनं पढवलंय पोरीला." सगळ्यांना माहीत आहे की अण्णा दुरुस्तीच्या विरोधात आहेत. अण्णा पंचांच्या बाकावर समोर बघत बसले होते. खरं सांगते, त्यांनी मला एक शब्द सांगितलेला नव्हता. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी नवी तारीख मागितली. पाळकसाहेब म्हणाले, "नाताळच्या दिवशी मतदान?" मी म्हटलं, कलमात नाताळ नको असं नाही.

बाहेर आल्यावर मनुबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. चप्पल घालून सरळ निघून गेल्या.

आणि आता ज्यासाठी पाकीट फाडलं ते. चौदा वर्षांपूर्वी मंडळीने हात वर करून तुला पंच निवडलं, तेव्हा अण्णा उभे राहिले आणि त्यांनी कलम वाचून दाखवलं. मी तुझ्या शेजारी बसले होते. माझा हात तुझ्या हातात होता आणि तुझा हात गार पडत गेलेला मला कळला होता. मग तू नगरला निघून गेलीस. परवा मी तेच केलं. कलम दाखवलं आणि सभा मोडली. रात्रभर वाटत राहिलं, मी अण्णांचीच मुलगी. पण ती सही केली असती तर उद्या एखादी बाई पंच झाल्यावर कोणीही उठून म्हणालं असतं की हिची निवडच खोटी आहे. तसं पुन्हा कोणाच्या बाबतीत होऊ नये, एवढंच मनात होतं.

नाताळला दुरुस्ती हरली तर ती माझ्यामुळे हरेल. परवा ती नक्की जिंकली असती. नाताळला वर्षातून एकदाच येणारी माणसं येतात, ती कोणत्या बाजूला जातील कोणी सांगावं?

रागावली असलीस तर तसं लिही. पण लिही.

तुझी,
वासंती


कल्याण,
सोमवार, १९ डिसेंबर १९८८

प्रिय आत्या,

सलाम. तुझं उत्तर आलं नाही. नगरहून पत्र यायला वेळ लागतो, असं मी स्वतःला सांगते आहे.

उत्तमकाका हट्टाला पेटले की आता आपण सूचनेला हात लावणार नाही. म्हणाले, "ज्याची मुलगी, त्यानंच वाचावी." त्यामुळे ती अण्णांकडे आली. पहिल्या रविवारी त्यांनी ती अशी वाचली की जणू औषधाच्या बाटलीवरचा मजकूर. दुसऱ्या रविवारी थोडी सावकाश.

काल तिसरा रविवार. शनिवारी संध्याकाळपासूनच त्यांचा दमा उसळला होता. रात्र त्यांनी खुर्चीत बसून काढली. सकाळी छाती अशी वाजत होती की मला पलीकडच्या खोलीत ऐकू येत होती. पाळकसाहेब काल दुसऱ्या मंडळीची उपासना घ्यायला गेले होते, उत्तमकाका मुलीकडे. तिसरे पंच गावी. म्हणजे अण्णा गेले नाहीत तर वाचायला पंचच नाही, आणि वर्षही संपलं. आत्या, हे कबूल करते की माझ्या मनात त्यांना 'चला' म्हणायचं होतं आणि त्यांची छाती ऐकून ते तोंडातून निघत नव्हतं.

ते म्हणाले, "रिक्षा बोलाव."

"अण्णा, तुम्हाला झेपणार नाही."

"पंच कोण आहे? मी ना? मग रिक्षा बोलाव."

उपासनेत मंडळीच्या जाहिराती सांगतात त्या वेळी ते वेदीपाशी गेले. पहिलं वाक्य अर्ध्यात तुटलं. श्वास घेऊ लागले. सगळी मंडळी थांबून राहिली, लहान मुलंसुद्धा. मग त्यांनी ते वाक्य पहिल्यापासून घेतलं आणि शेवटपर्यंत नेलं. कागदाची घडी घातली आणि विचारलं, "मागे ऐकू आलं का?"

मागून मनुबाई म्हणाल्या, "आलं हो, देवरामभाऊ. पण पुन्हा वाचा. तुमच्या तोंडून गोड लागतंय."

काय हसले सगळे! मला वाटलं अण्णा चिडतील. त्यांनी घडी उलगडली आणि पुन्हा वाचली, आत्या. दुसऱ्यांदा वाचताना त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. काय ते मी लिहीत नाही, कारण मला नक्की माहीत नाही.

घरी येऊन पाठीला तेल लावताना विचारलं, "तुम्ही विरोधात आहात ना?"

"आहे."

"मग एवढा जीव काढून का गेलात?"

"विरोध मत देताना करायचा. वाचताना नाही."

मग डोळे मिटून घेतले. मला वाटलं डोळा लागला. तर म्हणाले, "रंभाच्या वेळी मी कलम वाचलं ते चूक नव्हतं. पण कलम वाचून मी खाली बसलो. तू हरकत घेतलीस आणि उभ्या उभ्या पुढची तारीख मागितलीस. मलाही मागता आली असती. ह्या दुरुस्तीची सूचना तेव्हाच मांडता आली असती. विरोधात राहूनही मांडता आली असती. ते मला सुचलंच नाही. का सुचलं नाही, याचा मी विचार करतोय."

तुझं नाव ह्या घरात त्यांनी इतक्या वर्षांत घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. हे तुला कळवू का, असं मी त्यांना विचारलं, कारण न विचारता लिहिणं मला बरोबर वाटेना. म्हणाले, "ती तुझी आत्या आहे. काय लिहायचं ते मी कोण सांगणार?" ही मी परवानगी समजते. चुकत असेन तर चूक माझी.

नाताळची मला फार भीती वाटते. करंज्या करायला घेतल्या, तर पहिल्या घाण्यात सगळ्या फुटल्या.

वासंती


कल्याण,
सोमवार, २६ डिसेंबर १९८८

प्रिय आत्या,

नाताळचा सलाम, एक दिवस उशिरा.

तुझं भेटकार्ड शनिवारी आलं. आत नुसत्या शुभेच्छा, पण पाकिटावर 'श्री. देवराम आणि वासंती'. पोस्टमनकडून ते अण्णांनीच घेतलं. उभ्यानं वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. संध्याकाळी पाहिलं तर रेडिओवर उभं करून ठेवलं होतं.

तुला निकाल आधी हवा असेल. आपल्या मंडळीचा होकार आहे.

आता सगळं सांगते. उपासनेला बसायला जागा नव्हती. वर्षातून एकदा येणारे सगळे आले होते, नव्या साड्या, नवे बूट. मतदान उभं राहून. तिसरी सूचना झाली का, असं पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा मी "झाली, उपासनेत, दोनदा" असं सांगून सही केली. तेवढ्यात उत्तमकाका पुटपुटले, "ह्या वेळी कोंबडा नाही, सांभाळून," आणि माझं सही करतानाचं गांभीर्य निम्मं हसण्यात गेलं.

बाजूचे उभे राहा म्हटल्यावर पहिल्यांदा मनुबाई उठल्या. मग त्यांची सून. मग मोहने गावचं सगळं बाक. ज्यांची मला धास्ती होती, त्यातले पुष्कळ उठले. एक बाई उठली आणि तिने आपल्या नवऱ्याच्या कोटाची बाही ओढली, तसा तोही उठला. मोजणी करताना माझे आकडे डोळ्यांसमोर हलायला लागले म्हणून मी पाळकसाहेबांना पुन्हा मोजायला लावलं.

मग विरोधातले. अण्णा उभे राहिले. सरळ, काठी न घेता. त्यांच्याबरोबर आणखी काही जण. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. ते वाचायला उभे राहिले होते तसेच दिसत होते.

दोन-तृतीयांशाच्या वर गेलं, फार वर नाही, पण वर. बायकांनी गायला सुरुवात केली. मनुबाईंनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली आणि म्हणाल्या, "अडवलंस म्हणून शिव्या दिल्या होत्या गं तुला मनात. घे त्या परत." बाकीच्या मंडळ्यांचं अजून कळलेलं नाही. भिवंडीचा होकार आहे म्हणतात, ठाण्याचा तर असणारच. कायम होणार की नाही ते मे महिन्यातच ठरेल, तेव्हा झालंच असं मी लिहीत नाही. पण मला आशा आहे, आणि ती मी लपवत नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर अण्णा करंजी खात बसले होते. एकदम म्हणाले, "मे महिन्यात कायम झालं की ती घटना. मग माझा विरोध संपला. पंचांची निवड होईल तेव्हा मी एक नाव सुचवणार आहे."

मी विचारलं, "कोणाचं?"

त्यांनी रेडिओकडे पाहिलं.

आत्या, तू मला ओळखतेस. एवढ्या मोठ्या आनंदात माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हटलं, "अण्णा, पण घटनेप्रमाणे उमेदवार निवडीआधी वर्षभर ह्याच मंडळीचा सभासद असायला हवा. आत्या नगरच्या मंडळीत आहे. येत्या निवडीला तिचं नाव चालणार नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, मी पाठ चोळली. श्वास जागेवर आल्यावर म्हणाले,

"मग ह्या नाही तर पुढच्या निवडीला. पण वर्ष मोजायला सुरुवात तरी व्हायला हवी ना? तिला लिही, लवकर ये."

म्हणून लिहिते आहे. त्यांनी सांगितलं ते, आणि सगळं.

वाट पाहणारी,
तुझी वासंती

खाली अण्णांना सही करायची आहे म्हणतात. ही त्यांच्याच हातची:

देवराम