गाडीची धाप सापडली

कुंभकोणम्,
सोमवार, दुपारची कॉफी झाल्यावर

तीर्थस्वरूप चंद्रमौली अण्णांच्या पायांशी धाकट्या श्रीदेवीचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? वत्सला वहिनींची साखर उतरली का? (उत्तराची घाई नको, आधी पुढचं वाचा.) तुम्ही फोनवर म्हणालात की गाडी माझ्या हातात बिघडली, क्लच दाबून दाबून मी तिचा जीव घेतला, आणि येत्या रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो, किल्ली काढून ठेव. अण्णा, किल्ली काढून ठेवली आहे. कमरेला. गाडी विकली जाणार नाही.

कारण तुम्हाला सांगायला नको. चोळपुरम् आणि तिरुनागेश्वरम्, दोन्हीकडे माझे भजनाचे वर्ग चालतात. पेटी घेऊन बसमध्ये चढायचं म्हणजे एका हातात पेटी, एका हातात पदर, आणि तिकीट घ्यायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. गाडी गेली की वर्ग गेले. मग मी दिवसभर घरात बसून ह्यांच्या तोंडाकडे बघत राहू? (तोंड वाईट नाही, पण दिवसभर?)

झालं असं की नवरात्र संपल्यापासून गाडी धावताना शहाण्यासारखी धावायची आणि उभी राहिली की थंडी भरल्यागत कापायची. रेल्वे फाटकापाशी थांबले की शेजारचे स्कूटरवाले माझ्याकडे कीव करून बघायचे. आमच्या ह्यांना, म्हणजे तुमच्या मेहुण्यांना, प्रत्येक दुखण्यात राहू दिसतो. ते तिरुनागेश्वरम्‌ला जाऊन राहूला दुधाचा अभिषेक करवून आले. तिथे मूर्तीवर ओतलेलं दूध निळं होतं, तसं ते झालं म्हणे, इंजिन होतं तसंच. मग मेकॅनिक आला. त्याने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजिनापेक्षा फोनमध्ये जास्त वेळ डोकावला आणि शेवटी मान हलवून म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल. मी म्हटलं, आधी तू पायरी उतर.

मग मीच पदर खोचला, वेणीचा अंबाडा घातला (आत पंखा फिरत असतो, त्याला वेणीची भारी हौस), गाडी चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि डोळे मिटून ऐकत उभी राहिले. शेजारच्या कामाक्षी मामींना वाटलं मी प्रार्थना करतेय, त्याही येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. अण्णा, जन्मभर पेटी वाजवलीय मी. भात्याला चीर पडली की सूर लागायच्या आधी जे बारीक फुस्स होतं, ते मला झोपेतसुद्धा कळतं. तसंच फुस्स इंजिनाच्या मागच्या अंगाने येत होतं. जपून हात घालून चाचपलं, तर करंगळीएवढी एक रबरी नळी तोटीवरून निसटून लोंबत होती. व्हॅक्यूमची नळी म्हणतात तिला. उघड्या तोटीवर मी अंगठा दाबला. अंगठा आत ओढला गेला आणि गाडी गप्प! काढला, की थरथर. दाबला, की गप्प. हे मी इतक्या वेळा केलं की मामी म्हणाल्या, पुरे गं, तिलाही जीव आहे. इंजिनाला हवा मापातच लागते. नळी सुटली की चोरवाटेने जास्त हवा घुसते, तिच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि उभ्या गाडीला धाप लागते. एवढंच दुखणं! मला इतका आनंद झाला की मी तिथेच रडले. (मामीही रडल्या. का, ते त्यांनी विचारलं नाही.)

नळीचं टोक फाटलं होतं, तेवढं विळीवर कापलं, उरलेली तोटीवर घट्ट बसवली, क्लिप लावली. काल स्वामीमलैला जाऊन आले. फाटक बंद होतं, मालगाडी संपता संपेना, पण डॅशबोर्डवरचा पिल्लैयार गणपतीसुद्धा जागचा हलला नाही. मी तर देवाचे आभार मानून मालगाडी अजून थोडी लांब असती तर बरं, असं म्हटलं.

तेव्हा गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवा. तुम्ही दोघं मात्र रविवारी नक्की या, डांगर पचडी करते. वहिनींना माझा नमस्कार.

तुमची लाडकी (असं आई म्हणायची, तुम्ही नाही),
श्रीदेवी

ता. क. गाडी अजून तुमच्या नावावर आहे. ती माझ्या नावावर करायची आहे, रविवारी सही करायच्या तयारीने या.

आणखी एक ता. क. नळी आपोआप निसटली नव्हती. तिला केळीच्या सोपटाची, म्हणजे खांबाच्या सालीची, करकचून मारलेली गाठ होती. नवरात्रातल्या आयुधपूजेला गाडीपुढे केळीचा खांब उभा राहीना, तेव्हा बॉनेट उघडून "इथे बांधतो, हे मजबूत आहे, मला शिकवू नकोस" असं कोण म्हणालं, आणि पूजा उतरवताना तोच खांब हिसका मारून कोणी काढला, ते तुम्हाला ठाऊक आहे नि मला. वहिनींना अजून ठाऊक नाही. सोपट गाठीसकट डब्यात ठेवलंय. जेवणाआधी सही झाली, तर डबा उघडायचं काही कारण नाही.