टाचेकडचा खिळा

अब्बा, परवा मी सांगलीला जाऊन आले. तुमच्या मालकांच्या बंगल्यात आता घोड्यांच्या शर्यतींचं संग्रहालय झालंय. मालक वारले; त्यांचा मुलगा दाराशी बसून तिकिटं फाडतो. ज्या व्हरांड्याखाली तुम्ही चपला काढून उभे राहायचात, त्याच व्हरांड्यातून मी सँडल वाजवत आत गेले, मुद्दाम. भिंतीवर जिंकलेल्या घोड्यांचे फोटो, जॉकींच्या टोप्या, चषक. शेवटच्या खोलीत एका कपाटात जिंकलेल्या घोड्यांचे नाल, आणि समोर काचेखाली वेगळा ठेवलेला एक नाल, खिळ्यांसकट. शेजारी कार्ड : ‘नालबंदाच्या बेइमानीमुळे हुकलेली शर्यत.’ तुमचं नाव नव्हतं. शिवी द्यायलाही त्यांना तुमचं नाव लागलं नाही.

रहिमतपूरची आपली चूल आठवते. अम्मी ताटात भाकरी टाकते, तुम्ही ती अर्धी मोडता, तिचा घोड्याचा खूर होतो आणि कडेनं बोटानं भोकं पाडत तुम्ही मला शिकवता. “हितं खिळा, हितं खिळा. हितनं मागं न्हाई. पाय टेकला की टाच फुगती, तिला मोकळी सोडायची. टाचंला खिळा मारंल त्यो नालबंदच न्हवं.” मी विचारते, “आणि मी? मी नालबंद?” “तू लय शानी. खा आता खूर.”

मग पुण्याच्या शर्यतीत मालकांचा घोडा लंगडला. पैसे खाऊन खिळा खुराच्या जिवंत मांसात मारलास, असं म्हणत त्यांनी सगळ्या तबेल्यादेखत तुमची हत्यारांची पेटी लाथेनं उलटी केली. तुम्ही सांगत राहिलात, “आवं मालक, त्या दिशी सकाळी मला आत घेतलंच न्हाई. नाल दुसऱ्यानं बदललाय.” त्यानंतर वरातीच्या घोड्यांचे मालकसुद्धा आपल्या दारात येईनात. तुम्ही साताऱ्यात खिडक्यांना गज जोडत राहिलात. मी सातवीत असताना गेलात, तेही बेइमान म्हणूनच.

काचेखालच्या त्या नालाला टाचेकडे खिळा होता, अब्बा. दोन्ही बाजूंना.

मी मालकांच्या मुलाला बोलावून आणलं. म्हटलं, “हा नाल माझ्या वडिलांनी मारलेला नाही.” तो हसला. “असं व्हय! नालावर काय सही असती काय, ताई?” मी म्हटलं, “असते. ते पलीकडचं कपाट उघडा.” त्यातले जिंकलेल्या घोड्यांचे नाल तुम्ही कामावर होतात त्या सालांचे होते, सगळे तुमच्या हातचे. एकालाही टाचेकडे खिळ्याचं भोक नाही. मी एकेक काढून टेबलावर मांडत गेले आणि त्याचं हसू कमी कमी होत गेलं. मला ते बघायला आवडलं. मी थांबले नाही.

“बरं, कार्ड काढून टाकतो,” तो म्हणाला.

“काढायचं नाही. त्याच्याखाली लिहायचं. हा आळ खोटा होता आणि तो कुणी घेतला, तेही.”

“वडिलांचं नाव नको, ताई. गेलेल्या माणसावर काय सूड घेताय?”

“माझे वडीलही गेलेलेच आहेत. त्यांच्यावर तुम्ही रोज घेताय, तिकीट लावून.”

त्यानं लिहिलं. मजकूर मी सांगितला, अक्षर त्याचं. वडिलांच्या नावाशी त्याचा हात थांबला, तेव्हा मी नाव पुन्हा सांगितलं, सावकाश, शाळेतल्या शुद्धलेखनासारखं. तुमचंही नाव लिहून घेतलं, पूर्ण. कॉलेजात मी सत्य, न्याय असल्या शब्दांवर निबंध लिहिले, बक्षिसंही घेतली. पण त्या टेबलाशी मला न्याय नको होता. त्या माणसाची मान खाली गेलेली हवी होती. ती गेली. परतीच्या एसटीत मी सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून हसत होते.

घरी आल्यावर अम्मीला सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून. ती या कागदावर लिहितेय, आणि हा कागद तुमच्या पेटीतच राहील. त्या काचेसमोर गेल्यावर मी सगळ्यात आधी वाकून खिळे बघितले, अब्बा. ते टाचेकडे नसते, तर मी काही न बोलता परत आले असते.