टॉलिव्हर यांच्या भजनांची रेकॉर्ड

शुगर लँड, टेक्सास
१९ ऑगस्ट १९८५

तीर्थरूप शरयूताईस,

विनयचा नमस्कार. तुझं जूनमधलं पत्र मिळालं होतं, उत्तराला आज बसलोय. इथे सगळे बरे आहेत. उकाडा असा की घरातून गाडीपर्यंत गेलं तरी शर्ट अंगाला चिकटतो. संध्याची नवी नोकरी सुरू झाली. दीपाला तुझं पत्र वाचून दाखवतो. तिला सगळं समजतं, पण बोलते इंग्लिशमध्येच. मी दमलेला असतो. झोप झाली तरी दमलेलाच उठतो.

कारखान्यातलं एक सांगायचंय. आमच्याकडे रेकॉर्ड छापायच्या आधी नमुन्याची एक निघते. ती मी दोन्ही बाजूंनी ऐकायची, सही करायची, मग बाकीच्या निघतात. मार्चमध्ये टॉलिव्हर नावाच्या एका कृष्णवर्णीय गिटारवादकाचं काम आलं. वय सत्तरीच्या आसपास. गुलामीच्या काळापासून त्यांच्या लोकांत चालत आलेली भजनं त्यांनी जॅझच्या अंगाने वाजवली आहेत. शब्द नाहीत, एकटी गिटार. जन्मभर दुसऱ्यांच्या मागे बसून वाजवलं. स्वतःच्या नावाची ही पहिलीच रेकॉर्ड.

मी सही केली. हजार रेकॉर्ड निघाल्या आणि दुकानांत गेल्या. मधलं भोक केसभर सरकलेलं होतं. त्यामुळे लांबवलेला प्रत्येक सूर हेलकावे खात होता.

गेल्या महिन्यात टॉलिव्हर स्वतः आले, काखेत एक रेकॉर्ड घेऊन. ऐकायच्या खोलीत आम्ही दोघांनी पहिली बाजू ऐकली. ते रागावले नाहीत. म्हणाले, हे भजन माझी आई लोकांचे कपडे इस्त्री करताना म्हणायची, ती कधी बेसूर झाली नाही. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे ऐकू आलं नाही?"

मशीनवर ढकलता आलं असतं.

"मी ऐकलंच नाही," मी म्हणालो. "न ऐकता सही केली. त्या सकाळी माझी आई गेल्याचा फोन आला होता."

"आणि तुम्ही कामावर आलात?"

"हो."

त्यांनी रेकॉर्ड उचलून पाकिटात घातली.

ताई, रजा मिळाली नाही असं मी तुला लिहिलं होतं. मी रजा मागितलीच नव्हती. गिरीशभाऊजींचा फोन ठेवला, अंघोळ केली आणि गाडी काढून कामावर गेलो. कारखान्यात कुणाला सांगितलंही नाही. आईची तीन पत्रं माझ्या ड्रॉवरमध्ये बिनउत्तराची पडली होती. तिन्हीत एकच, एकदा येऊन जा. ती असताना गेलो नाही, आता कुठल्या तोंडाने जायचं, एवढंच डोक्यात होतं. अग्नी भाऊजींनी दिला. आणि तू येईल त्याला सांगत राहिलीस, तिकडे रजा मिळत नाही हो. माझं खोटं तुझ्या तोंडून सगळीकडे गेलं.

मॅनेजरला मी खरं सांगितलं. त्या रेकॉर्ड परत मागवल्या, नवा साचा केला. मला तपासणीवरून काढून पॅकिंगला टाकलंय, ते योग्यच झालं. फक्त नवा नमुना मला ऐकू द्या म्हणालो. टॉलिव्हर शेजारी बसले होते. सूर सरळ होते. दुसऱ्या बाजूला मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाजू संपेपर्यंत काढला नाही. पाच महिन्यांत मी तेव्हा पहिल्यांदा रडलो.

तेरा डिसेंबरला नागपूरला पोचतोय, एकटाच. घरात घ्यावंसं वाटलं नाही तर तसं कळव, हॉटेलात उतरेन. पण भेटायला येईन. तुला जे बोलायचं असेल ते समोर बोल, मी मधे काही म्हणणार नाही.

भाऊजींना हे पत्र वाचून दाखव. त्यांना वेगळं लिहायचं धैर्य मला नाही.

आईचा मुलगा म्हणवून घ्यायची लाज वाटते. तुझा भाऊ म्हणून सही करू का, ते तू ठरव. आज नुसतं नाव लिहितो.

विनय