दुसरी ओळ

प्रिय ताई,

आईचे गुडघे आता बरे आहेत. जिना चढून वर येते आणि मलाच विचारते, "दमलास का रे?" तुझ्या लेकीचं चित्र तिने फ्रिजवर लावलंय. त्यातला मामा म्हणे मी. डोक्यावर तीनच केस आहेत, पण तक्रार नाही.

हॉस्पिटलच्या सर्व्हररूममध्ये तुझ्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. परवा नवे सर्व्हर आले. कोण कधी लॉगिन झालं, कुणाचा पासवर्ड चुकला, ते संदेश कुठे नोंदवायचे याचे नियम साहेबांनी मला लिहायला सांगितले. जुन्या सर्व्हरवर हे काम तू माझ्यावर विश्वासाने सोपवलं होतंस. दोनच तर ओळी. पहिली: हे संदेश इतर सगळ्या संदेशांच्या फाइलीत नकोत. दुसरी: ते या वेगळ्या फाइलीत लिही. तेव्हा मी पहिली लिहिली, तेवढ्यात कुणाचा तरी प्रिंटर अडला, आणि दुसरी राहूनच गेली. नियम लिहिला की मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघायचा, हे तू दहादा बजावलं होतंस. मी बघितलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने रुग्णांच्या तपासण्यांच्या याद्या पुसल्या गेल्या आणि संशय तुझ्यावर आला. चौकशीत तू म्हणालीस, "लॉग बघा, मी त्या दुपारी आत गेलेच नव्हते." लॉगिनच्या त्या नोंदींत तुझंच काय, कुणाचंच नाव नव्हतं. मग सगळ्यांनी ठरवलं, पुरावाही हिनेच पुसला. तू माझ्याकडे बघितलंस. मी मान खाली घातली. त्याच संध्याकाळी मी चूक शोधली: दुसरी ओळ नसल्याने ते संदेश कुठेच लिहिले जात नव्हते. ती ओळ मी गुपचूप घातली. ताई, मला तेव्हापासून माहीत होतं. नोकरीला लागून चारच महिने झाले होते, जीभ रेटली नाही. तू राजीनामा दिलास, गाव सोडलंस, आणि निघताना मला म्हणालीस, "जेवत जा वेळेवर."

काल साहेबांनी विचारलं, "जुन्या सर्व्हरवरची ही लॉगिनची फाइल नेमकी चौकशीच्या दिवसापासून कशी सुरू होते?" मी सगळं सांगितलं. लेखी दिलं. याद्या कुणी पुसल्या ते कळलेलं नाही, पण तुझ्यावरचा ठपका काढलाय. मला सध्या घरी बसवलंय. आईलाही सांगितलं; ती कालपासून माझ्याशी बोलत नाही.

उद्या साहेब तुला फोन करतील. त्याआधी हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून पत्र आजच कुणाच्या तरी हाती पाठवतोय. त्यांचा फोन उचल. माझा नाही उचललास तरी चालेल.

तुझाच,
बारक्या