अळणी भाताचे तेरा दिवस

९ जानेवारी

बा गेले. पहाटे, झोपेतच. कुणाला हाक मारली नाही, पाणी मागितलं नाही.

खगेंद्र दाजू, माझा थोरला भाऊ, एकुलता एक मुलगा. त्याने डोकं भादरलं, पांढरं नेसलं आणि कोपऱ्यात गवतावर बसला. अमेरिकेत, ॲक्रनच्या या बर्फात गवत कुठलं? भाउजूने, त्याच्या बायकोने, सशांचं खाणं विकणाऱ्या दुकानातून आणलं! आमाही, माझी आई, त्याच्या शेजारी क्रियेला बसली. तेरा दिवस एक वेळ जेवण, अळणी भात आणि तूप. तेरा दिवस त्यांना कुणी शिवायचं नाही.

१० जानेवारी

मी मूर्ख. काल रडण्याच्या नादात लक्षातच आलं नाही. दाजूला रोज दोन वेळा इन्सुलिन लागतं. साखरेने डोळे अधू झालेत, सुईवरच्या रेघा दिसत नाहीत, म्हणून सुई त्याची बायको देते. आता तिने शिवायचं नाही! कालपासून सुईच नाही.

म्हटलं, "दाजू, आजारी माणसाला सूट असते."

"बांनी भूतान सोडलं, अठरा वर्षं नेपाळात निर्वासितांच्या छावणीतल्या झोपडीत काढली. मला तेरा दिवस जमणार नाहीत? तू तुझी अक्कल क्लिनिकात पाजळ."

पाजळतेच! नऊ वर्षं तिथे दुभाषी आहे. आपल्या लोकांना साखरेचं सांगणं हेच तर माझं काम. आणि भीती एकच – बांच्या मागोमाग हाही जाईल.

११ जानेवारी

क्लिनिकातली कपाटं उपसली. साखरेवरचं नेपाळी पत्रक सापडलं. गुळगुळीत कागद, ताटात मासा आणि कच्चा पाला. 'जेवण चुकवू नका.' आमाला लांबून दाखवलं. तिला अक्षर येत नाही, चित्रंच बघितली.

"कांछी, यांच्या घरात कुणी मरत नाही का गं?"

हाच कागद मी शेकडो म्हाताऱ्यांच्या हातात कोंबलाय. लाज वाटली.

रमजानच्या उपवासावर मात्र चांगलं चार पानी पत्रक आहे. आमच्या क्रियेवर अवाक्षर नाही. आमची नर्स कॅरल म्हणाली, "मग आपण लिहू. तू रीत सांग, मी औषध सांगते." रमजानचा कागद समोर ठेवून बसलो. संध्याकाळची सुई बंद, सकाळची कमी. साखर दोनदा बघायची – उठल्यावर आणि जेवणानंतर.

१२ जानेवारी

कागद झाला, पण टोचणार कोण? गुरुबांना, आमच्या भटजींना, विचारलं. तेच क्रिया चालवतायत. एरवी गोदामात खोकी भरतात, आता तेरा दिवस रजा काढलीय. त्यांनी पोथी चाळली. मग म्हणाले, "बहिनी, क्रियेत बसलेले एकमेकांना शिवले तर दोष नाही. तुझी आमा बसलीच आहे की."

आमा! चौऱ्याहत्तर वर्षांची, शाळेची पायरी न चढलेली. पण सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवते. मी लांबून संत्र्यावर टोचून दाखवलं, कागदावर नुसती चित्रं काढली. तिने तीनदा केलं आणि म्हणाली, "तुझे कान टोचले तेव्हा कुणाला विचारायला गेले होते मी?"

साखर मोजायच्या यंत्रावरचा आकडा ती वहीत जसाच्या तसा काढणार. मी संध्याकाळी बघून कॅरलला कळवायचं.

१४ जानेवारी

वहीत दोन आकडे. सकाळी १६१, जेवणानंतर २९४. आकडे वाकडेतिकडे, पण वाचता येतात. शाबास आमा!

१६ जानेवारी

जेवणानंतरचा आकडा खाली येईना. ३१२. कॅरलने सुई वाढवली. मी आमाच्या चित्रात दोन रेघा जास्त काढल्या.

१७ जानेवारी

३२०. अजून दोन रेघा.

१८ जानेवारी



सुट्टी होती म्हणून दुपारीच गेले. गुरुबा पुराण वाचत होते. दाजू घामाने निथळत होता, माझं नावही नीट घेता येईना. आमाने त्याचं बोट टोचलं – ४९! वहीत तासाभरापूर्वी, जेवणानंतरचा म्हणून आकडा होता ३०७.

"साखर द्या!" मी किंचाळले. दाजूने ओठ घट्ट मिटले. जेवण झालं होतं. आता उद्यापर्यंत तोंडात काही घालायचं नाही. भाउजू रडू लागली. मी शिवाशीव सोडून त्याच्याकडे धावले, तर गुरुबांनी हात आडवा घातला. रागाने डोकं फुटायची वेळ आली. पण त्यांनी गंगाजलाची बाटली उघडली, पेल्यात ओतलं, मूठभर साखर ढवळली आणि पेला गवताच्या कडेला सरकवला.

"खगेंद्र, हे अन्न नाही, तीर्थ आहे. बापासाठी घे."

आमाने पेला त्याच्या ओठांना लावला. घेतलं त्याने! अर्ध्या तासाने ११०.

कॅरल फोनवर म्हणाली, "वाढवलेलं सगळं काढून टाक. पण तासापूर्वी तीनशे असलेला माणूस असा कोसळतो कसा?" मलाही उलगडत नाही. यंत्र बिघडलं असेल.

आमच्या कागदात एक ओळ वाढवली – साखरेचं तीर्थ हाताशी ठेवा.

२१ जानेवारी

तेरावा झाला. दाजूने जिभेवर मीठ ठेवलं आणि डोळे मिटले. मी त्याला मिठी मारली. जिवंत आहे माझा भाऊ!

२२ जानेवारी

कॅरलला दाखवायला वही आणायला सकाळीच गेले. सहज विचारलं, "आमा, जेवणानंतर दाजूच्या कुठल्या बोटाला टोचायचीस?"

"त्याच्या? पोराला दिवसातून दोनदा कशाला छळायचं? दुपारी मी माझंच बोट टोचायची. दोघांनी खाल्लं ते सारखंच ना! तोच भात, तेच तूप."

मी तिचं बोट हातात घेतलं. अजून तिचा चहासुद्धा झाला नव्हता. टोचलं – २८८.

नऊ वर्षं दारोदार लोकांची साखर विचारत फिरले. आमाला एकदाही विचारलं नव्हतं.