कवी आधी थांबतो

नोव्हाय

प्रिय सियाबाळा,

परवा फोनवर तू शाळेच्या प्रोजेक्टसाठी विचारलंस, अरब आणि तुर्की लोकांत कवी नेमकं काय करायचे, म्हणजे तो जॉब होता का. मी म्हटलं, लिहून पाठवते. माझं अक्षर तुला जड जाईल, तेव्हा आईला म्हण वाचून दाखव. घाई नको, जेवणं आटोपली की बसा.

चौथीनंतर माझी मास्तरीण मीच, त्यामुळे काही चुकलं तर टीचरला खुशाल माझं नाव सांग. इथल्या लायब्ररीत आम्हा म्हाताऱ्यांना इंग्लिश शिकवतात. तिथे माझ्या शेजारी सल्माबाई बसतात, इराकच्या. दोघींचं इंग्लिश सारखंच लंगडं, म्हणून गप्पा झकास होतात. त्यांना तुझा प्रश्न विचारला आणि वर्ग राहिला बाजूला. म्हणाल्या, जुन्या काळी वाळवंटातल्या टोळीत कुणी कवी निघाला की लग्नासारख्या पंगती उठायच्या, बायका वाद्यं वाजवायच्या, शेजारच्या टोळ्या कौतुकाला यायच्या. कारण कवी म्हणजे टोळीची जीभ. पूर्वज कोण, लढला कोण, दगा कुणी दिला, सगळं त्याच्या तोंडी. आणि त्याने कुणाची टर उडवली, तर त्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या तोंड लपवावं लागे. तू तिसरीत असताना माझ्या न फुगलेल्या भाकरीवर चार ओळी केल्या होत्यास, आठवतं? आईने त्या दिवशी शिरा केला होता. आपण अरबांची रीत पाळतोय हे आम्हाला कुठे ठाऊक होतं.

तुर्कांचं मला एका चित्रांच्या पुस्तकात मिळालं. तिकडे सुलतानसुद्धा कविता करायचे, आणि लांब दांड्याचं तंतुवाद्य घेऊन गावोगाव हिंडणारे कवीही असायचे. त्यांना आशिक म्हणतात. दोघे समोरासमोर बसून चढाओढ करतात, आणि कधी कधी दोन ओठांच्या मध्ये सुई उभी धरतात. ओठ मिटले की टोचलीच. म्हणजे प, ब, म असली अक्षरं टाळून तिथल्या तिथे रचायचं. मी काडेपेटीतली काडी धरून पाहिली. ‘बाबा’ म्हणता येत नाही, ‘मम्मा’ तर नाहीच. आई आणि तो वेगळे झाल्यापासून तुझा बाबा तसाच वागतो बघ, ओठांत सुई धरल्यागत. भाजी कशी झाली विचारलं तर नुसती मान हलवतो. ‘सिया’ आणि तुझ्या आईचं ‘ऋता’, ही नावं सुई असतानाही घेता येतात, मी करून पाहिलं. तरी तुझ्या बाबाच्या, माझ्या गिरीशच्या तोंडून ती येत नाहीत.

आता एक गोष्ट, प्रोजेक्टमध्ये घातली नाहीस तरी चालेल. अरबांच्या जुन्या लांबलचक कविता पुष्कळदा एकाच जागेपाशी सुरू होतात. कवी उंटावरून चाललाय आणि वाटेत ओसाड जागा लागते. त्याच्या जिवलगांचे तंबू तिथे होते. आता चुलीचे तीन काळे दगड आणि तंबूभोवतीचा चर, बाकी काही नाही. तो बरोबरच्या दोघांना म्हणतो, थांबा, जरा रडू या. मी सल्माबाईंना विचारलं, एवढ्या लढवय्या टोळीचा कवी, आणि सुरुवातीलाच रडतो? त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं, “पोएट फर्स्ट स्टॉप. देन क्राय. देन गो.”

घरी येऊन मी तुझ्या खोलीत गेले. तुझा पलंग होता तिथे कार्पेटवर त्याच्या पायांचे चार खळगे आहेत. बर्फाचा खडा ठेवला की ते भरून येतात म्हणे. मी नाही ठेवला. व्हॅक्यूम त्यांच्या कडेकडेने फिरवते. तुम्ही फ्रिस्कोला निघालात तेव्हा मूव्हर्सची घाई, फ्लाइटची घाई. तुझी आई वाकली, ‘येते’ म्हणाली. मी डबा पुढे केला, तिने घेतला. दहा वर्षं एका ओट्यापाशी उभ्या राहिलेल्या आम्ही दोघी, पण कुणी थांबलंच नाही गं.

बाळा, हे घर विकलंय. नवे लोक लाकडी फ्लोअर घालणार, तेव्हा कार्पेट आता निघेल. बाबा लहानशा अपार्टमेंटमध्ये जाईल, आणि मी कायमची भारतात, अमरावतीला, भावाकडे. या वयात पुन्हा येणं व्हायचं नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण माझा फोन आला की आई तो तुझ्या हाती देऊन आतल्या खोलीत जाते, आणि पत्र मात्र तिलाच वाचून दाखवावं लागणार. म्हणून लिहिलं. ऋता, हे आत्ता तुझ्याच तोंडून येतंय. कवीच्या बरोबर दोघे असतात, माझ्या तुम्ही दोघी. परत ये असं मी म्हणत नाही, तो तुमचा प्रश्न. एवढ्या ओळीपाशी फक्त थांब. सियाला जवळ ओढ. रडू आलं तर येऊ दे, तिलाही दिसू दे.

मग जा.

तुम्हा दोघींचीच,
आजी,
आणि ऋता, तुला चालत असेल तर अजूनही आई