वर्ग गावातच भरणार

नुनावुत, कॅनडा
मार्च २००४

माझ्या आईस लांबनं जय भीम.

शेजारच्या श्रुतीताईकडनं हे वाचून घे. मी खुशाल हाय. इथल्या बायांनी शिवलेला कातड्याचा कोट अंगात असतोय, तवा थंडीची काळजी करू नगंस.

इथल्या मूळच्या इन्युइट लोकांच्या पोरांना कामधंदा शिकवायची योजना आखायला मला आणलंय. योजनेचे साहेब म्हणत होते, पोरांना शहरात पाठवू. आपल्या कोडोलीची पोरं कागलच्या एमआयडीसीत जात्यात आणि रातच्या जेवायला घरी येत्यात. इथनं शहर गाठायला विमानच लागतंय.

बैठकीत एलिसापी नावाची बाई उठली. म्हणाली, "माझा थोरला असाच शिकायला गेला. तिकडंच राहिला. आता फोनबी करत न्हाय."

मी साहेबांना म्हटलं, "पोरं जाणार न्हाईत. मास्तर इकडं आणा."

साहेब चिडले. "मास्तर टिकला नाही, तर तू शिकवशील?"

"शिकवतो की!"

साहेबांनी वेल्डिंगचा मास्तर आणला, त्यो थंडीला भिऊन पळाला. आता बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये मीच शिकवतोय. एलिसापीची धाकटी लेक सगळ्यांच्या आधी येऊन बसती. पोरांच्या हातात काम आल्याबिगर मी हलणार न्हाय, म्हणून बुद्धजयंतीला येणं होणार न्हाय. रागावू नगंस. गुडघ्याला तेल लावतीस का? आपल्या मोनाचं बाळ बसाय लागलं का?

काल एलिसापीनं विचारलं, "तुझ्या आईनं तुला एवढ्या लांब कसं सोडलं?" तूच कळव, तिला काय सांगू?

तुझाच,
प्रसेनजीत